दोन करड्यांमधलं अंतर

कुंडलिक फोटोवाल्याने आयुष्यभर माणसं गोरी केली. हे मी कौतुकाने सांगत नाही. भोरच्या एस.टी. स्टँडमागे त्याचं दुकान होतं, अजून आहे, पाटी पुसट झाली इतकंच. इथून वेल्ह्यापर्यंत ज्या ज्या घरात गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीला लागला आहे, त्यातल्या निम्म्या घरांत तो कुंडलिकच्या हातचा आहे. उन्हात औत धरून कोळसा झालेली माणसं तिथे हार घालून बसली आहेत आणि सगळी दुधाने अंघोळ करून आल्यासारखी दिसतात. मी त्याला म्हणायचो, "कुंडलिक, तुझ्या स्वर्गात सावळ्या माणसाला पास मिळत नाही का रे?" तो हसायचा नाही. "लोक सांगत्यात तसं करतो सर," एवढंच म्हणायचा, आणि ते खरंही होतं.

मी रघुवीर. हायस्कूलचा चित्रकलेचा मास्तर, निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली. चौतीस वर्षं पोरांना शेडिंग शिकवलं आणि एकालाही ते आलं नाही. भोरमध्ये ज्याला ते कळत होतं तो माणूस मार्गासनीचा, सातवी शिकलेला, आणि माझ्या वर्गात कधी बसलाच नव्हता. म्हणून मी त्याच्या दुकानात जाऊन बसायला लागलो, तो आजतागायत बसतोच आहे. पेपर फुकट वाचायला मिळतो हे दुसरं कारण.

काळ्यापांढऱ्या फोटोत काळा आणि पांढरा हे दोन पाहुणे असतात. घर चालतं ते मधल्या करड्यांवर. कुंडलिकने फोटोच्या कागदाची एक पट्टी केली होती, अकरा घरांची, पहिलं घर काळं कुळकुळीत, शेवटचं कोरं. ती खिळ्याला टांगलेली असे. माणूस समोर बसला की तो सांगायचा, गाल तिसऱ्या घरात, टोपी दहाव्या. आमच्या भागातला शेतकरी म्हणजे फोटोवाल्याची परीक्षाच. चेहरा करपलेला आणि डोक्यावर पांढरीधोट टोपी. चेहरा धरावा तर टोपी नुसती पांढरी चिंधी होते, टोपी धरावी तर चेहऱ्याची शाई होते. बाकीचे फोटोवाले एकाला सोडून द्यायचे. कुंडलिक मोठा फोटो छापताना उजेडाखाली कधी हाताची सावली धरून, कधी भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून, दोन्ही सांभाळायचा. टोपीची चुणी दिसायची आणि डोळ्याखालची सुरकुतीही. असं काम मी पुण्यातही फार ठिकाणी पाहिलं नाही.

आणि मग लोक यायचे. घरात माणूस गेलं की दहाव्याच्या आत फोटो पाहिजे, आणि "जरा उजळ करा". मग हाच कुंडलिक निगेटिव्हवर, चेहऱ्याच्या जागी, बारीक कुंचल्याने तांबडा रंग चढवायचा. तांबड्यातून उजेड कागदावर उतरत नाही, तेवढी जागा पांढरी राहते. तिसऱ्या घरातला माणूस सहाव्यात जाऊन बसायचा. घरचे खूश व्हायचे, रडायचे, "अगदी जिवंत वाटतोय" म्हणायचे.

पुढे मोबाईल आले आणि ते सगळं संपलं. मागची अंधारी खोली बंद होऊन बारा वर्षं झाली. आता दुकानात झेरॉक्स निघते आणि पासपोर्ट फोटो निघतात. कुंडलिकचा एक डोळा ऑपरेशन होऊनही सुधारला नाही, दुसऱ्यात मोतीबिंदू वाढतो आहे. उजळ करडे रंग त्याला आता सगळे एकच दिसतात. तो ते तक्रारीच्या सुरात सांगत नाही. तो आताशा काहीच कुठल्या सुरात सांगत नाही.

मागच्या फेब्रुवारीत, दुपारचे बारा वाजले असतील, दुकानाच्या पायरीवर एक म्हातारी येऊन उभी राहिली. सत्तरीच्या पुढची, अंगाने वाळलेली. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक फ्रेम तिने लेकरू घ्यावं तशी कडेवर घेतली होती. चंद्राबाई, पालीची, राजगडाच्या पायथ्याची. मार्गासनी, नसरापूर, कापूरहोळ असं करत तीन गाड्या बदलून आली होती. मी तिला पाणी दिलं. पाणी पिऊन तिने फ्रेम सोडली आणि कुंडलिकच्या पुढ्यात ठेवली.

"ह्यो कोन?" तिने विचारलं.

कुंडलिकने फ्रेम डोळ्याला लावली. विशीतला मुलगा, पांढरा शर्ट, गोरापान. "तुमचा पोरगा आसंल," तो म्हणाला.

"म्याबी तीस वर्सं तसंच म्हनते. पर ह्यो मानसिंग न्हवं."

मग तिने सांगितलं. मानसिंग तिचा एकुलता एक. चौऱ्याण्णव साली विहिरीवरच्या मोटारीचा शॉक बसून गेला, तेवीस वर्षांचा होता. बाप भिमा त्याच्या मागोमाग दोन वर्षांनी गेला. मुलाचा जन्मात एकच फोटो निघाला होता, होमगार्डच्या फॉर्मसाठी, तोही कुंडलिकनेच काढलेला. दहाव्याला तोच मोठा करून नेला.

"आदी डोळं मिटलं की त्यो दिसायचा," ती म्हणाली. "काळा माझ्यावानी, हनवटीला भाजल्याचा डाग. आता डोळं मिटलं तरी ह्योच हुबा ऱ्हातो, भितीवरला. माझ्या पोराचं तोंड ह्यानं खाल्लं, अण्णा. तुमी त्याला पांढरा केला. डाग घालवला. कुनी सांगितलं हुतं तुमाला?"

मला वाटलं कुंडलिक सांगेल, लोक सांगतात तसं करतो. त्याने फ्रेमची काच बाहीने पुसली.

"मराच्या आदी येकदा त्याचं तोंड दावा मला. बाकी काय मागत न्हाई."

"आठ दिसांनी या," कुंडलिक म्हणाला. फ्रेम तिने त्याच्याकडेच ठेवली.

ती गेल्यावर मी त्याच्यावर उखडलो. हो म्हणायला ह्याचं काय जात होतं? निगेटिव्ह कुठे, कागद कुठे, फोटो धुवायची औषधं कुठे, आणि मुळात डोळे कुठे? म्हातारी आठ दिवसांनी परत तीन गाड्या बदलून येणार आणि हा काय दाखवणार, झेरॉक्स?

"ती आली हिथवर," तो म्हणाला. "न्हाई कसं म्हनू?"

निगेटिव्ह शोधायला दोन दिवस गेले. पत्र्याच्या सहा ट्रंका, गावागावांचे गठ्ठे, प्रत्येक निगेटिव्ह वेगळ्या पाकिटात. पाकिटावर नाव, गाव, तारीख आणि गिऱ्हाइकाने काय सांगितलं ते. डोळ्यांमुळे त्याला वाचता येत नव्हतं म्हणून मी वाचत होतो आणि धुळीने शिंकत होतो. विंझरचा एक गठ्ठा वाळवीने खाल्लेला निघाला, तेव्हा मला वाटलं सुटलो. पण पालीचा गठ्ठा धड होता. त्यात ते पाकीट होतं आणि त्यावर कुंडलिकच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'मानसिंग भिमा, पाली. उजळ करणे. आई म्हणते, हनवटीचा डाग अजिबात दिसू नये.'

मी मोठ्याने वाचलं. तो म्हणाला, "अजून येकदा वाचा." मी परत वाचलं आणि मला संताप आला. "बघितलंस? स्वतःच सांगितलं आणि खापर तुझ्या डोक्यावर फोडून गेली."

"फोडू द्या. डोकं रिकामंच हाय." त्याने पाकीट घडी करून खिशात घातलं. "ह्ये तिला सांगायचं न्हाई, सर."

निगेटिव्ह मी दाराशी उजेडात धरली. सगळ्या चेहऱ्यावर तांबूस थर होता, कपाळापासून हनवटीपर्यंत. मी विचारलं, डाग घालवायचा तर हनवटीपुरता रंग पुरे होता, सगळा चेहरा का रंगवलास?

तेव्हा त्याने सांगितलं आणि मला ते अजून विसरता येत नाही. भाजल्याचा डाग सावळ्या कातडीवर पांढुरका पडतो. मानसिंगचा गाल तिसऱ्या घरातला, डाग पाचव्यातला. डाग काळा करायचा तर निगेटिव्ह पात्याने खरवडावी लागते, आणि खरवडलेलं ठिगळ दिसतंच. त्यापेक्षा सोपा मार्ग, डाग सोडून बाकीचा सगळा चेहरा उजळ करत डागापर्यंत न्यायचा. दोन्ही एक झाले की डाग दिसत नाही.

"म्या डाग घालवलाच न्हाई," तो म्हणाला. "डाग ठिवला आन पोरगा घालवला."

म्हणजे ती आई तीस वर्षं रोज सकाळी ज्या चेहऱ्याला हात जोडत होती, तो पुरता त्या भाजल्या जागेच्या रंगाचा होता. आतापर्यंत मी ह्याच्या गोऱ्या माणसांवर विनोद केले, त्याची त्या दिवशी लाज वाटली.

तांबडा रंग पाण्याने निघतो, पण तीस वर्षांच्या निगेटिव्हचं काय सांगावं. पाण्यात टाकली आणि वरचा चिकट थर सुटला तर मानसिंग त्या पाण्यातच संपणार. दुसरा फोटो जगात नाही. माठातलं गार पाणी परातीत घेतलं आणि त्याने निगेटिव्ह सोडली. आम्ही दोघं परातीभोवती बसलो. सुलक्षणावहिनी, म्हणजे त्याची बायको, चहा ठेवून गेल्या, तो निवून गेला. अर्ध्या तासाने पाणी किंचित गुलाबी दिसायला लागलं. त्याला ते दिसत नव्हतं, मी सांगत होतो. दोनदा पाणी बदललं. एका कोपऱ्याला थर फुगून आला तेव्हा मी त्याचा दंड धरला. "कोपऱ्याला ना? तोंडाला न्हाई ना?" त्याने विचारलं. तोंडाला नव्हता. कोपरा तेवढा सुरकुतला आणि थांबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वर्षांनी ती मागची खोली उघडली. पालींचा वास, कोळिष्टकं. लाल दिवा लागला याचंच मला नवल वाटलं. कागदाच्या पाकिटात सहा कागद उरले होते, तेही जुने. जुना कागद आपोआप करडा पडतो, पांढरं पांढरं राहत नाही आणि काळं काळं होत नाही. म्हणजे अकरा घरांची सात होतात, आणि आम्हाला तर गालाच्या आणि डागाच्या मधलं दोन घरांचं अंतर हवं होतं. कुंडलिकने बाटल्यांच्या तळाशी राहिलेल्या भुकट्या हुंगून ओळखल्या, बोटाने चाचपून मोजल्या, औषध कालवलं. कागदावर उजेड किती वेळ द्यायचा ते तो घड्याळावर कधीच मोजत नसे. बेचा पाढा म्हणायचा. एक पाढा म्हणजे दहा सेकंद, चाळीस वर्षांत फरक नाही. अंधारात तो म्हातारा "बे एके बे, बे दुणे चार" म्हणतोय आणि मी, निवृत्त मास्तर, भिंतीला टेकून उभा. माझे गुडघे दुखत होते आणि घरी जावंसं वाटत होतं.

एक कागद पट्ट्या कापून अंदाज घेण्यात गेला. दुसऱ्या कागदावर औषधात मुलगा वर आला. आधी केस, मग भुवया, मग डोळे, आणि मग खरंच हनवटीच्या डाव्या बाजूला चिंचेच्या पानाएवढा... नाही, मोठा, आंब्याच्या कोयीएवढा डाग. "आला," मी म्हणालो. "झालं काम."

"वला फोटो लबाड आसतो, सर. वाळू द्या."

वाळला, आणि डाग गालात बुडाला. वाळताना फोटो काळवंडतो, जवळजवळचे करडे एकमेकांत मिसळतात, हे त्याला पाठ होतं आणि मला पुस्तकातही भेटलं नव्हतं. त्याला तर ओल्यातही काही दिसलं नव्हतं. तो कागदावर बोट ठेवून विचारत होता, "हितं हाय का? का हितं?"

तिसऱ्याला औषध कडक केलं. डाग उठून दिसला, पण चेहरा तव्याच्या बुडासारखा झाला आणि शर्ट नुसता खडू. मी म्हणालो, शर्टाचं काय घेऊन बसलास, तिला शर्ट बघायचा आहे का? तो म्हणाला, "पोरगा शर्ट घालून आला हुता, इस्त्री केलेला." त्याला शर्टाची कॉलर हवी होती. हट्टी माणूस. मग बसला दहा मिनिटं, डोकं गुडघ्यात घालून. मला वाटलं सोडलं याने. मलाही सोडायचंच होतं.

चौथ्याला त्याने औषध थोडं मऊ केलं. चेहऱ्यावर तीन पाढे, त्यातला अर्धा पाढा तळहाताची सावली, हात सतत हलता. मग पुठ्ठ्याच्या भोकातून शर्टाला आणखी दोन पाढे. त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरून ठेवलं. या वेळी मीच म्हणालो, वाळू दे.

वाळल्यावर मी तो दारात नेला, शेजारी ती खिळ्यावरची पट्टी धरली.

"गाल कितव्यात?" त्याने आतून विचारलं.

"तिसऱ्यात."

"डाग?"

"पाचव्याला जरा कमी."

"मधी अंतर दिसतंय? नीट बगा. माझ्यासाटी म्हनू नका."

"दिसतंय, कुंडलिक. कॉलरची शिवणसुद्धा दिसते आहे."

तो जमिनीवरच बसला. खूश झाला नाही. चाळीस वर्षं हे येत होतं आणि गेलेल्या माणसांसाठी केलं नाही, असं काहीतरी पुटपुटला, मग म्हणाला पाठ मोडली. वहिनींनी त्याला हाताला धरून उठवलं.

आठव्या दिवशी चंद्राबाई आली. त्याने फोटो तिच्या हातात दिला आणि स्वतः झेरॉक्सच्या मशीनकडे तोंड करून उभा राहिला. ती पायरीवर उन्हात बसली. फोटो आधी लांब धरला, मग जवळ. स्टँडवरून दोन गाड्या सुटल्या.

"व्हय," ती म्हणाली. मग फोटो मांडीवर ठेवून, "ह्योच."

कुंडलिकने मान वळवली नाही.

"बहात्तर साल हुतं," ती फोटोकडे बघतच बोलायला लागली. "पान्याला कोसभर जावं लागायचं. ह्यो रांगत हुता. घरात ठिवून गेले, चूल इजवायची ऱ्हायली. आले तवा हनवटी पार भाजली हुती. मोटा झाला, पर त्यानं कदी इचारलं न्हाई ह्यो डाग कशाचा, आन म्याबी कदी सांगितलं न्हाई. त्यो गेल्यावर वाटलं, भितीला नको त्यो डाग, रोज कसा बगू? अण्णा, म्याच सांगितलं हुतं तुमाला. त्या दिशी खोटं बोलले. तुमी इसरला आसाल."

कुंडलिकच्या खिशात ते पाकीट अजून असावं. "व्हय," तो म्हणाला. "इसरलोच. किती लोकं येत्यात."

मी जुनी फ्रेम उघडून त्यात नवा फोटो बसवायला घेतला, तर तिने माझा हात धरला. भिंतीला गोराच राहू द्या म्हणाली. लोकांना तो ठाऊक आहे. हा लावला तर येणारा जाणारा विचारणार, डाग कशाचा, आणि तिच्याच्याने आता ते पुन्हा सांगवणार नाही. हा पेटीत राहील, तिच्या लुगड्यांत. मला वाईट वाटलं, रागही आला. चाळीस वर्षांत कुंडलिकने गेलेल्या माणसाचा एक चेहरा खरा छापला आणि तो पेटीत जाणार. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने फोटो दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून दोऱ्याने बांधला आणि तिला दिला. "जपून न्या. पानी लागू देऊ नका," एवढंच म्हणाला.

तिला गाडीत बसवून द्यायला मी स्टँडवर गेलो. खिडकीजवळची जागा मिळाली. फ्रेम तिने पायाशी ठेवली. मी खिडकीखाली उभा राहून कापूरहोळला कुठे उतरायचं ते सांगत होतो, पण तिचं लक्ष नव्हतं. तिने दोरा सोडला होता. फोटो मांडीवर घेऊन ती अंगठ्याने त्याची हनवटी पुसत होती, जेवण झाल्यावर लेकराचं तोंड पुसतात तशी, हळूहळू. मग खाली वाकून, मी तिथे नाहीच असं समजून, तिने त्याला विचारलं, "लई आग झाली हुती का रं?"

ड्रायव्हरने गाडी चालू केली. मी खिडकीपासून बाजूला झालो.